मध्यम पातळीच्या जपानीसाठी आठ आठवड्यांचा स्व-अभ्यास कसा आखावा

हिरागाना-काताकाना या जपानीच्या दोन ‘काना’ लिप्या केव्हाच संपल्या, जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची एन४ पातळी (एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत अवघड) झाली किंवा त्या तोडीचा अभ्यास झाला, आणि आता गाडी अडली आहे, अशांसाठी हा लेख आहे. धड्यातला उतारा समजतो, पण खरी बातमी उघडली की दुसऱ्याच ओळीत दम लागतो. शिकवणाऱ्यांचं बोलणं कळतं, पण दोन जपानी माणसं आपापसांत बोलू लागली की ‘देसु ने’ (‘आहे ना’) तेवढं हाती लागतं.

इथे पोहोचल्यावर बहुतेक जण आणखी एक पुस्तक विकत घेतात. मला ते पटत नाही. या पातळीवरच्या माणसाला जे येतं त्यातलं बरंचसं त्याला वेळेवर आठवत नाही, ही खरी अडचण आहे. ‘उकेमी’ म्हणजे कर्मणी रूप त्याने शिकलेलं असतं, कागदावर दिसलं तर तो ओळखतोही. पण तेच कानावरून गेलं की उलगडायला दोन-तीन सेकंद जातात आणि तोवर समोरचा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. म्हणून सलग अभ्यासासाठी वेळ काढलाच आहे, तर त्यातला मोठा वाटा शिकलेल्या गोष्टींचा वेग वाढवण्यावर घालवा. नवीन भर बेताची असू द्या.

सुट्टी, दोन नोकऱ्यांमधला काळ, परीक्षेआधीचे दोन महिने, काहीही चालेल. खालची आखणी रोज तीन तास आणि आठवड्याला सहा दिवस धरून केली आहे. वेळ कमी असेल तर सगळ्याच गोष्टी थोड्या थोड्या कापू नका. एखादी पूर्ण सोडा.

१. एकच उद्दिष्ट ठरवा

‘जपानी सुधारायचं आहे’ हे उद्दिष्ट नाही, कारण आठ आठवड्यांनी ते साधलं की नाही हे सांगता येत नाही. असं ठरवा: एन३ द्यायची आहे. किंवा सहकाऱ्यांच्या बैठकीत काय चाललंय ते कळायला हवं. किंवा शब्दकोश न उघडता सोपी कथा वाचून संपवायची आहे. उद्दिष्टाप्रमाणे तासांची वाटणी बदलते. बैठकीसाठी तयारी करणाऱ्याने निम्मा वेळ ऐकण्या-बोलण्याला द्यावा. कथा वाचायची असेल त्याला केइगो, म्हणजे आदरार्थी भाषा, सध्या बाजूला ठेवली तरी चालेल.

परीक्षा हेच उद्दिष्ट असेल तर तिचा आराखडा नीट पाहून घ्या. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, पण सगळ्या ठिकाणी दोन्ही वेळा होतेच असं नाही. नोंदणी काही महिने आधी बंद होते, त्यामुळे आधी नोंदणीची तारीख बघा आणि मग आठवडे मोजा. एन३ ला १८० पैकी ९५ आणि एन२ ला ९० गुण लागतात, शिवाय तिन्ही विभागांत ६० पैकी किमान १९. ऐकण्यात १८ मिळाले तर बाकीचे गुण कितीही असोत, नापास. बोलणं आणि निबंध या परीक्षेत नाहीतच. त्यामुळे प्रमाणपत्र हातात असूनही तोंड न उघडणारी माणसं भेटतात, त्यात नवल नाही.

२. सुरुवातीला स्वतःला मोजा

पहिला दिवस याच्यासाठीच ठेवा. जेएलपीटीच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक पातळीचे सराव-प्रश्नसंच ध्वनिफितींसह मोफत मिळतात. एक २०१२ मध्ये आला, दुसरा २०१८ मध्ये. पहिला आज घड्याळ लावून सोडवा. दुसऱ्याला शेवटच्या आठवड्यापर्यंत हात लावू नका, सहज चाळूसुद्धा नका.

त्यानंतर दोन छोट्या नोंदी करा. पहिली वाचनाच्या वेगाची: आपल्या पातळीचा एक अनोळखी उतारा घ्या, पाच मिनिटं वाचा, किती अक्षरं झाली ती मोजून पाचाने भागा. जपानी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण ४०० ते ६०० अक्षरं वाचतो. मध्यम पातळीवर आकडा शंभराच्या आसपास आला तरी घाबरू नका, पण तो लिहून ठेवा. एन२ मध्ये शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून १०५ मिनिटं एकत्रच मिळतात, आणि उतारे समजत असूनही शेवटचे प्रश्न कोरे राहतात ते या आकड्यापायी.

दुसरी नोंद आवाजाची. ‘काल काय केलं’ यावर तयारी न करता दोन मिनिटं बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. ऐकायला नको वाटेल, तरी पुसून टाकू नका.

३. साहित्य जमवा, आणि तिथेच थांबा

अभ्यास सुरू होण्याआधी एवढं हाताशी असावं:

– मध्यम पातळीचं एकच मुख्य पुस्तक. प्रत्येक धड्यात मोठा उतारा, व्याकरण आणि ध्वनिफीत असेल असं निवडा. नुसत्या व्याकरण-नियमांची यादी असलेलं पुस्तक सोबतीला ठीक, एकट्याने पुरत नाही.
– आन्की हे शब्दांच्या कार्डांची ठराविक अंतराने उजळणी करून घेणारं अॅप. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे, आयफोनवर पैसे पडतात.
– ब्राउझरमध्ये योमितान हे एक्स्टेन्शन. शब्दावर कर्सर नेला की वाचन (म्हणजे उच्चार) आणि अर्थ दिसतो. अर्थ बहुधा इंग्रजीतून घ्यावा लागतो.
– कोतोबांक हा जपानी-जपानी कोश. पहिल्या दोन आठवड्यांत त्रास होतो, नंतर आवडू लागतो.
– ओजाद, टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केलेला उच्चारांच्या चढ-उतारांचा मोफत ऑनलाइन कोश. त्यातल्या ‘सुझुकी-कुन’ या भागात वाक्य टाकलं की सूर कुठे चढतो आणि कुठे उतरतो ते रेषेने दिसतं.
– फोन आणि कॉम्प्युटर, दोन्हीवर जपानी कीबोर्ड.
– एक जाड वही. हाताने लिहायला.
– परीक्षा द्यायची असेल तर नोंदणीसाठी ओळखपत्र आणि फोटो. नाव ओळखपत्रावर जसं आहे अगदी तसंच भरा.

साहित्य जमवणं हाच पुष्कळांचा अभ्यास होऊन बसतो. पहिला आठवडा सुरू झाला की नवीन अॅप, नवीन चॅनेल, नवीन पुस्तक बंद. कुणी काही सुचवलं तर वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवा, आठ आठवड्यांनी बघू.

४. शब्द आणि कांजी

आन्कीत मूळ सेटिंग रोज २० नव्या कार्डांचं असतं. सुरुवातीला ते सोपं वाटतं, कारण उजळणीचं ओझं अजून आलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रोजची उजळणी दीडशेच्या पुढे जाते, आणि तीन तासांतला एक तास कार्डं उलटण्यात संपतो. मी १० च्या वर जाऊ नका असं सांगेन. चौथ्या आठवड्यात तर नवीन कार्डं शून्य करा आणि साचलेली उजळणी उपसा.

कार्डावर सुटा शब्द लिहू नका. ज्या वाक्यात तो भेटला ते आख्खं वाक्य लिहा, आणि वाक्यात अनोळखी गोष्ट एकच असू द्या. इंटरनेटवरून हजारो शब्दांचा तयार गठ्ठा उतरवून घेण्यापेक्षा स्वतः वाचलेल्यातून काढलेली तीनशे कार्डं जास्त टिकतात, कारण शब्दाबरोबर तो प्रसंगही आठवतो.

कांजींबद्दल, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांबद्दल, एक गोष्ट लवकर समजली तर पुष्कळ श्रम वाचतात. रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या जोयो कांजी २१३६ आहेत. त्यांपैकी बहुसंख्य दोन भागांच्या जोडणीतून बनल्या आहेत: एक भाग अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चाराची. ‘निळा’ या अर्थाची कांजी घ्या. तिचं चिनी वळणाचं वाचन ‘सेइ’. तिच्या डावीकडे पाण्याची खूण लावली की ‘स्वच्छ’, सूर्याची लावली की ‘निरभ्र’, तांदळाची लावली की ‘सत्त्व’ या अर्थाची कांजी होते, आणि तिन्हींचं एक वाचन ‘सेइ’च. हे नेहमी जुळतंच असं नाही, पण अनोळखी कांजी दिसल्यावर अंदाज बांधायला आधार मिळतो. वहीत अशा कुटुंबांना एकेक पान द्या. पाचशे कांजी येत असतील तर त्यांतूनच डझनभर कुटुंबं सापडतील.

एन३ ला अमुक कांजी, एन२ ला तमुक, अशा याद्या सगळीकडे फिरतात. २०१० मध्ये परीक्षेची रचना बदलून एन३ ही पातळी नव्याने आली, तेव्हापासून अधिकृत शब्द-कांजी यादी प्रसिद्धच होत नाही. त्या याद्या अंदाजाच्या आहेत. वापरा, पण त्यांतला प्रत्येक शब्द खोडत बसू नका.

५. व्याकरणाच्या नोंदी मराठीत करा

पुस्तकं इंग्रजीतून समजावतात म्हणून आपणही इंग्रजीत टिपणं काढतो, आणि सोपी गोष्ट अवघड करून ठेवतो. जपानीत क्रियापद शेवटी येतं, प्रत्यय नामाच्या मागे लागतात, हे आपल्याला शिकवावंच लागत नाही. मध्यम पातळीवर फायदा आणखी वाढतो. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणं. ‘कात्ते ओकु’ म्हणजे विकत घेऊन ठेवणं. ‘वासुरेते शिमाउ’ म्हणजे विसरून जाणं. इंग्रजी पुस्तक यांतल्या प्रत्येकावर पानभर खर्च करतं. तुम्हाला एक ओळ पुरे. ‘ओचिरु’ आणि ‘ओतोसु’ यांची जोडी पडणं-पाडणं म्हणून लिहा, झालं.

जिथे मराठी साथ सोडते तिथे मात्र हा वाचलेला वेळ ओता. विषय दाखवणारा ‘वा’ आणि कर्ता दाखवणारा ‘गा’ यांच्यातला फरक आपल्या प्रत्ययांत बसत नाही. देण्या-घेण्याची क्रियापदंही तशीच. मराठीत ‘मी त्याला दिलं’ आणि ‘त्याने मला दिलं’ दोन्हीकडे ‘देणं’च असतं; जपानीत मी दिलं तर ‘आगेरु’, मला कुणी दिलं तर ‘कुरेरु’, आणि माझ्या बाजूने मिळालं असं म्हणायचं तर ‘मोराउ’. त्यात दुसऱ्या क्रियापदाचं ‘ते’ रूप (वरच्या ‘ताबेते’सारखं, आपल्या ‘खाऊन’सारखं) जोडलं की कुणी कुणावर उपकार केला हे कर्ता न सांगताच कळतं. जपानी बोलण्यात कर्ता वारंवार गाळलेला असतो, तेव्हा कोण कुणाबद्दल बोलतंय हे याच क्रियापदांवरून ओळखायचं असतं. अख्खा एक आठवडा या तिघांना दिला तरी वाया जाणार नाही.

अटीची चार रूपं (‘तो’, ‘बा’, ‘तारा’, ‘नारा’) एकत्र तक्त्यात पाठ करू नका. उताऱ्यात जे भेटेल ते घ्या आणि ‘इथे दुसरं का चाललं नसतं’ एवढंच शेजारी लिहा.

६. वाचन दोन प्रकारचं ठेवा

एक वाचन बारीक. रोज अर्धं पान, प्रत्येक शब्द आणि प्रत्येक प्रत्यय समजेपर्यंत. दुसरं भराभर. आपल्या पातळीपेक्षा सोपं घ्यायचं, कोश बंद, अडलं तर पुढे जायचं, कंटाळा आला तर ते सोडून दुसरं उचलायचं. या पद्धतीला जपानीत ‘तादोकु’ म्हणतात, आणि याच नावाने काम करणारी एक जपानी ना-नफा संस्था पातळीवार छोटी पुस्तकं मोफत वाचायला देते. मुलांसाठीचं वाटेल, कमीपणा वाटेल. वाटू द्या. वेग या दुसऱ्या वाचनातूनच वाढतो, आणि लोक नेमकं तेच टाळतात.

खऱ्या साहित्याकडे वळायचं असेल तर आओझोरा बुंको या डिजिटल ग्रंथालयात स्वामित्वहक्क संपलेलं साहित्य मोफत आहे. तिथे एक सापळा आहे. जुन्या लेखकांचं लेखन कधी जुन्या कांजींत आणि जुन्या काना-पद्धतीत असतं, जे आजच्या शिकणाऱ्याला वाचताच येत नाही. प्रत्येक कृतीच्या नोंदीत लेखनपद्धत दिलेली असते. ‘शिंजी शिंकाना’, म्हणजे नवी अक्षरं-नवी काना, असं लिहिलेलीच घ्या. आणि मुलांच्या कथांपासून सुरुवात करा, नामवंत कादंबरीपासून नको.

७. ऐकणं: एक मिनिट, अर्धा तास

पाठीमागे जपानी पॉडकास्ट लावून भाजी चिरणं हा अभ्यास नाही. वाईट काहीच नाही, पण तो तीन तासांत मोजू नका. मोजायचं ते हे: ज्याचा लिखित मजकूर मिळतो असा एक मिनिटाचा तुकडा निवडा.

आधी मजकूर न बघता तीनदा ऐका. मग वाक्या-वाक्याला थांबवत ऐकू येईल ते वहीत काना लिपीत उतरवा. न कळलेल्या जागी रेघ मारा. आता मजकूर उघडून ताडून पाहा. प्रत्येक रेघेपाशी कारण लिहा: शब्दच माहीत नव्हता, की माहीत असून ओळखला नाही? दुसऱ्या प्रकारच्या रेघा जास्त निघतात, आणि त्यांवर लगेच इलाज करता येतो.

उदाहरण द्यायचं तर तुकड्यात ‘यात्तोकानाक्या’ असं काहीतरी ऐकू येतं. कोशात असा शब्द नाही. मजकूर उलगडला की ते ‘यात्ते ओकानाकेरेबा’ निघतं: करून ठेवायला हवं. दोन्ही तुकडे तुम्ही शिकलेले असता, पण बोलताना ‘ते ओकु’चं ‘तोकु’ होतं आणि ‘नाकेरेबा’चं ‘नाक्या’. आपण नाही का ‘करतो आहेस’चं ‘करतोयस’ करत? तसंच ‘ते शिमाउ’चं ‘चाउ’, ‘वाकारानाइ’चं ‘वाकान्नाइ’. नेहमी भेटणारे असे आकसलेले उच्चार मोजकेच आहेत. त्यांची यादी वहीत वाढत गेली की खरं बोलणं कळायला लागतं.

शेवटी त्याच तुकड्यावर शॅडोइंग, म्हणजे आवाजाच्या मागोमाग सावलीसारखं बोलत जाणं. मजकूर समोर ठेवून पाच वेळा, मग न बघता. मराठी माणसाला जोडाक्षरं सोपी जातात, ‘त्सु’ तर ‘चाक’मधल्या ‘च’च्या अगदी जवळचा. घोटाळा होतो तो दीर्घ स्वरांचा: ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. तिथे मुद्दाम एक मात्रा थांबा.

निव्वळ ऐकायला ‘निहोंगो कोन तेप्पेइ’ हा पॉडकास्ट चांगला, पूर्ण जपानीत आणि छोट्या भागांचा. मालिका बघायच्या असतील तर खाली जपानी अक्षरं चालतील, इंग्रजी नकोत. डोळा सोप्या भाषेकडेच जातो आणि कान सुट्टीवर जातो. अॅनिमेमधले ‘ओरे’ (मी), ‘ओमाए’, ‘तेमे’ (तू) हे रांगडे शब्द ओळखायला शिका, वापरायला नको.

८. बोलणं आणि लिहिणं

रात्री पाच ओळींची डायरी जपानीत. दिवसभरात शिकलेलं एक रूप त्यात वापरलंच पाहिजे, एवढीच अट. आठवड्यातून दोनदा कुणाशी तरी अर्धा तास बोला: ऑनलाइन शिक्षक असो वा भाषा-अदलाबदलीचा जोडीदार. जोडीदार असेल तर वेळ आधीच वाटून घ्या, नाहीतर गप्पा इंग्रजीत सुरू होतात आणि इंग्रजीतच संपतात. ‘सगळ्या चुका सांगा’ असं म्हणू नका, कुणी तसं करत नाही. ‘आज फक्त माझ्या प्रत्ययांच्या चुका सांगा’ म्हणा, मग सांगतात.

माणूस मिळाला नाही तर फोनचं व्हॉइस टायपिंग जपानीवर ठेवून डायरी मोठ्याने वाचा. त्याने भलतंच लिहिलं तर बहुधा तुमचा एखादा स्वर आखूड पडलेला असतो.

९. दिवस आणि आठवडे

दिवसाची मांडणी अशी जमते: सकाळी अर्धा तास कार्डं, लगेच पाऊण तास मुख्य पुस्तक. मधे कधीतरी अर्धा तास त्या एका मिनिटाच्या तुकड्याला. संध्याकाळी पाऊण तास भराभर वाचन, आणि झोपण्याआधी अर्धा तास डायरी किंवा संवाद. कार्डं रात्रीवर ढकलली की राहतात.

पहिले दोन आठवडे घडी बसवण्यात जातील, तेव्हा पूर्ण तास भरले नाहीत तरी चालवून घ्या. तिसरा आठवडा जोराचा, चौथ्यात नवीन कार्डं बंद. पाचवा-सहावा कंटाळ्याचा असतो. प्रगती दिसत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत नवीन पुस्तक घ्यावंसं वाटतं. तेव्हा पहिल्या दिवसाची दोन मिनिटांची रेकॉर्डिंग काढून ऐका आणि त्याच विषयावर पुन्हा बोला. सातव्यात वाचनाचा वेग परत मोजा. आठव्यात २०१८ चा संच घड्याळ लावून सोडवा. त्यानंतरचे दोन दिवस फक्त चुकलेल्या प्रश्नांना द्या आणि प्रत्येकापुढे लिहा: माहीत नव्हतं, की वेळ पुरला नाही.

एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी सहा तास बसून भरपाई करू नका. बुडालेलं वाचन आणि डायरी सोडून द्या. फक्त कार्डांची उजळणी साचू देऊ नका, तिला व्याज लागतं.

१०. नवव्या आठवड्यात

आन्कीत नवीन कार्डं शून्यावर आणा, पण उजळणी चालू ठेवा. महिन्याभरात ती रोज दहा मिनिटांवर येते. एक मिनिटाचा तुकडा आठवड्यातून दोनदा पुरे. भराभर वाचन मात्र रोज, पंधरा मिनिटं का होईना. वहीच्या शेवटच्या पानावर टिपलेली साहित्याची यादी आता उघडा, आणि तिच्यातलं एकच काही निवडा.